ऊर्जेची साधने व त्यांचे धोके : तुलना कशी करावी?

(उच्च प्राथमिक इयत्तांना विज्ञान व परिसर अभ्यास शिकविणाऱ्या शिक्षकांसाठी)

भोर तालुक्यातील वरवे बुद्रुक हे गाव पुणे–सातारा महामार्गालगत वसलेले आहे. अशा गावातील सातवीच्या वर्गात शिक्षकाने 'सर्वांत धोक्याचे ऊर्जासाधन कोणते?' असा प्रश्न विचारला, तर पुष्कळ हात 'अणुशक्ती' या उत्तरासाठी वर होतील. काही मुले घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या पानशेतच्या पुराची आठवण काढून 'धरण' असे म्हणतील. एखादा विद्यार्थी गॅसच्या सिलिंडरचे नाव घेईल. ज्या चुलीवर सकाळची भाकरी भाजून ही मुले शाळेत आली, त्या चुलीचे नाव मात्र सहसा कोणी घेणार नाही.

मुलांचे हे उत्तर अज्ञानाचे आहे असे म्हणून चालणार नाही. मोठी माणसेही असेच उत्तर देतात. जी आपत्ती एकाच दिवशी, मोठ्या गाजावाजाने येते ती मनावर ठसते. जी रोज थोडी थोडी येते व घरातच राहते तिची सवय होते, आणि सवय झालेल्या गोष्टीचे भय वाटत नाही. विज्ञानाच्या शिक्षणाचे एक प्रयोजन असे आहे की, मनाला वाटणारे भय आणि मोजून काढलेली जोखीम यांतील अंतर विद्यार्थ्याला दिसावे. ऊर्जासाधनांचा पाठ या कामी विशेष उपयोगी पडतो. कारण ऊर्जेवाचून कोणतेही घर चालत नाही, आणि सर्वस्वी निर्धोक असे एकही ऊर्जासाधन नाही.

धोका आणि जोखीम

नित्याच्या बोलण्यात हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. पाठापुरता तरी त्यांत भेद करणे सोयीचे आहे. ज्या वस्तूत अपाय करण्याची शक्ती आहे ती वस्तू म्हणजे धोका. तो अपाय प्रत्यक्ष घडण्याचा संभव किती आणि घडल्यास तो किती जणांना होईल, या दोहोंचा मिळून जो विचार होतो ती जोखीम.

भाटघरच्या जलाशयात अफाट पाणी आहे. गावातल्या विहिरीत त्याच्या मानाने ओंजळभरच पाणी असते. तथापि ती विहीर वस्तीच्या मधोमध असेल, तिला कठडा नसेल आणि मुले तिच्याभोवती खेळत असतील, तर त्या मुलांच्या दृष्टीने अधिक जोखीम विहिरीचीच होय. धोका मोठा असूनही राखणी चांगली असेल तर जोखीम कमी होते. धोका लहान असूनही तो सदैव हाताशी असेल आणि त्याकडे दुर्लक्ष झाले असेल, तर जोखीम वाढते. एवढे एक उदाहरण नीट समजले, तर पुढील सर्व विवेचन विद्यार्थ्यांना कळू शकेल.

मोजण्याचे माप

दोन साधनांची तुलना करावयाची तर दोहोंना एकच माप लावले पाहिजे. दोनशे विद्यार्थ्यांच्या शाळेत पाच मुले अनुत्तीर्ण झाली आणि वीस विद्यार्थ्यांच्या शाळेत चार झाली, तर दुसऱ्या शाळेचा निकाल चांगला, असे कोणताही शिक्षक म्हणणार नाही. ऊर्जेच्या बाबतीतही हाच नियम आहे. एखाद्या साधनामुळे एकूण किती माणसे दगावली एवढेच पाहून भागत नाही. त्या साधनाने किती ऊर्जा दिली हेही पाहावे लागते.

यासाठी अभ्यासकांनी १०० कोटी युनिट वीज हे माप धरले आहे. दरमहा १०० युनिट वीज वापरणारे घर वर्षाला १,२०० युनिट वापरते. या हिशेबाने १०० कोटी युनिट म्हणजे सुमारे ८ लाख ३३ हजार घरांची एका वर्षाची वीज झाली. एवढी वीज निर्माण करताना अपघात आणि हवेचे प्रदूषण या दोन्ही कारणांनी किती माणसे मृत्यू पावतात, याचा आंतरराष्ट्रीय अभ्यासकांनी काढलेला अंदाज पुढीलप्रमाणे आहे.

कोळसा : सुमारे २५
खनिज तेल : सुमारे १८
नैसर्गिक वायू : सुमारे ३
जलविद्युत् : सुमारे १.३
वारा : ०.०४
अणुशक्ती : ०.०३
सूर्यप्रकाश : ०.०२

शेवटच्या तीन आकड्यांतील आपापसांतील फरक महत्त्वाचा मानू नये. हिशेबाची पद्धत थोडी बदलली तरी त्यांचा क्रम बदलू शकतो. महत्त्वाचे अंतर आहे ते जाळून ऊर्जा देणारी साधने आणि न जाळता ऊर्जा देणारी साधने यांच्यात. कोळसा, तेल, लाकूड ही जळतात. त्यांतून धूर व बारीक कण बाहेर पडतात. माणूस दगावतो तो बहुतांशी या कणांमुळे. खाणीतील किंवा कारखान्यातील स्फोटांचा वाटा त्या मानाने थोडा आहे. या कोष्टकातून लक्षात ठेवण्याजोगी मुख्य गोष्ट हीच आहे.

चूल व सरपण

वरील कोष्टक विजेचे आहे. त्यात घरातील चूल येत नाही. परंतु ग्रामीण विद्यार्थ्याच्या आयुष्यातील सर्वांत जवळचे ऊर्जासाधन चूलच होय. तिचा विचार म्हणूनच सर्वांत आधी आणि अधिक विस्ताराने केला पाहिजे.

भोर व वेल्हे या तालुक्यांत पावसाळा जोराचा असतो. वैशाखात गोळा केलेले सरपण आषाढ-श्रावणात दमट होते. ओले लाकूड नीट पेट घेत नाही. लाकडातील पाणी वाफ होऊन जाण्यातच बरीच उष्णता खर्च होते, ज्वलन अपुरे राहते आणि धूर वाढतो. बाहेर पाऊस असल्याने दारे-खिडक्या बंद असतात. फुंकणीने विस्तव फुंकणाऱ्या बाईचे तोंड नेमके धुराच्या वाटेवर असते, आणि तान्हे मूल पुष्कळदा तिच्या मांडीवर किंवा शेजारीच असते. भाकऱ्या चुलीवर, आमटी वैलावर आणि अंघोळीचे पाणी बंबावर, असे दिवसातील कित्येक तास त्या घरात जाळ असतो.

या धुरात दोन मुख्य अपायकारक गोष्टी असतात. पहिली म्हणजे अतिसूक्ष्म कण. त्यांची जाडी माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही कमी असते. नाकातील केस व घशातील ओलावा त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात आणि त्यांतील काही रक्तातही मिसळतात. दुसरी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा वायू. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ती या वायूमुळे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील इंधनाच्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली. त्यांत पाच वर्षांखालील मुले दोन लाखांहून अधिक होती. लहान मुलांत न्यूमोनिया, मोठ्या माणसांत दीर्घकालीन श्वसनविकार, हृदयविकार, पक्षाघात व फुप्फुसाचा कर्करोग, आणि चुलीपुढे आयुष्य घालविलेल्या स्त्रियांत मोतीबिंदू, असे हे रोग आहेत. मृत्यूच्या नोंदीत दमा लिहिला जातो, न्यूमोनिया लिहिला जातो. चूल असा शब्द तेथे कधीही येत नाही. यामुळेच इतका मोठा आकडा कोणाच्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. धरण फुटले तर त्याचा दिनांक इतिहासात राहतो. धुराला दिनांक नसतो.

उपाय ठाऊक आहेत. धुराडे असलेली निर्धूर चूल, वाळलेले व बारीक फोडलेले लाकूड, चुलीच्या वरच्या बाजूस खिडकी किंवा झरोका, लहान मुलांना जाळापासून दूर ठेवणे, आणि शक्य तेथे गॅस किंवा वीज. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस पोचला. परंतु भरलेल्या सिलिंडरची किंमत परवडत नाही म्हणून पुष्कळ घरांत गॅस चहापुरता आणि चूल स्वयंपाकासाठी, असा दुहेरी व्यवहार चालू राहतो. शिक्षकांनी ही अडचण नीट समजून घेतली पाहिजे. ज्ञानाच्या अभावी जे घडते ते शिकवून सुधारता येते. पैशाच्या अभावी जे घडते त्याबद्दल विद्यार्थ्याच्या घरास दोष देणे अन्यायाचे ठरेल.

कोळसा

वरवे बुद्रुक गावातील दिवा लागतो तो राज्याच्या एकत्रित वीजजाळ्यातून. त्या जाळ्यात कोळसा, पाणी, अणुशक्ती, वारा व सूर्य या सर्वांची वीज येऊन मिसळते. तथापि देशातील निम्म्याहून पुष्कळ अधिक वीज कोळशापासूनच होते. महाराष्ट्रात चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ व नाशिकजवळील एकलहरे ही औष्णिक वीजकेंद्रे प्रसिद्ध आहेत. त्यांपैकी चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे.

एक युनिट वीज निर्माण करण्यास सुमारे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. दरमहा १०० युनिट वापरणाऱ्या घरासाठी सर्व वीज कोळशाची धरली, तर दर महिन्याला ६० ते ७० किलो कोळसा जळतो असे होईल. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण पुष्कळदा तिसऱ्या हिश्श्याइतके किंवा त्याहूनही अधिक असते. म्हणजे त्या एका घरामागे दरमहा वीस किलोंच्या वर राख उरते. ही राख वरव्यात दिसत नाही. ती वीजकेंद्राजवळच्या गावांत, शेतांवर व तलावांत साठते. दिवा एका जिल्ह्यात लागतो आणि धूर दुसऱ्या जिल्ह्यात राहतो.

खाणीतील अपघात हा कोळशाचा दुसरा धोका. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळील चासनाला येथील खाणीत पाणी शिरले आणि साडेतीनशेहून अधिक खाणकामगार बुडून मृत्यू पावले. याखेरीज कोळशाच्या ज्वलनातून कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात हवेत जातो व पृथ्वीचे तापमान वाढण्यास कारण होतो. त्या वाढीमुळे पुढील पिढ्यांचे जे नुकसान होईल ते वरील कोष्टकात धरलेले नाही.

गॅस व खनिज तेल

स्वयंपाकाच्या गॅसला मूळचा वास नसतो. गळती ओळखू यावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. त्यामुळे गळतीचा वास आल्यास पुढील क्रम पाळावा : विस्तव विझवावा, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, आणि विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, कारण बटणातील बारीक ठिणगीही पुरेशी होते. मदतीसाठी १९०६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. ज्या घरात एकाच खोलीत गॅस आणि पेटती चूल शेजारी असतात तेथे विशेष काळजी घ्यावी. शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात रबरी नळी भेगाळलेली नाही व तिची मुदत संपलेली नाही, हे मुख्याध्यापकांनी वेळोवेळी स्वतः पाहावे.

येथे एक तुलना करण्याजोगी आहे. गॅसचा स्फोट भयंकर असतो व त्याची वार्ता गावोगाव पसरते. म्हणून काही वृद्ध माणसे 'आमची चूलच बरी' असे म्हणतात. योग्य रीतीने वापरलेला गॅस घरातील धूर जवळजवळ नाहीसा करतो. जोखमीचा एकूण हिशेब केला तर गॅसचाच पक्ष सरस ठरतो.

जलविद्युत्

पाण्यापासून होणाऱ्या विजेचे उदाहरण भोर तालुक्यातच आहे. वेळवंडी नदीवरील भाटघरचे धरण १९२८ साली पूर्ण झाले. नीरेच्या कालव्यांसाठी सोडावयाच्या पाण्यावर पुढे तेथे १६ मेगावॉटचे वीजगृह उभारण्यात आले. ते पूर्ण क्षमतेने एक तास चालले तर १६,००० युनिट वीज मिळते. धूर नाही, राख नाही. पाणी आपले काम करून पुढे शेतीला जाते.

परंतु धरणाची दुसरी बाजूही याच परिसराने अनुभवली आहे. १२ जुलै १९६१ रोजी वेल्हे (राजगड) तालुक्यातील पानशेतचे धरण फुटले. बांधकाम पूर्णत्वास जाण्यापूर्वीच त्यात पाणी साठले होते. त्या लोंढ्याने खालचे खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या वस्त्या वाहून गेल्या. ही धरणे मुख्यतः पाणीपुरवठ्यासाठी व शेतीसाठी होती. तथापि धरण कोणत्याही हेतूने बांधलेले असो, ते फुटण्याची जोखीम तीच असते.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण भिंत उभी राहिली. नंतर तिचे बळकटीकरण करण्यात आले. मोठ्या जलाशयातील पाणी आणि भूकंप यांचा संबंध असू शकतो, या विषयाच्या अभ्यासात कोयनेचे नाव आज जगभर घेतले जाते. चीनमध्ये ऑगस्ट १९७५ मध्ये बानचियाओ धरण फुटून हजारो माणसे बुडाली व नंतर साथीने व उपासमारीने आणखी मेली. कोष्टकातील जलविद्युतेचा आकडा बराचसा या एकाच दुर्घटनेमुळे वाढलेला आहे.

यावरून शिक्षकांनी असा निष्कर्ष काढून द्यावा : धरणाची जोखीम विरळ घडणारी पण एकदम मोठी असते, आणि ती बांधकाम, देखरेख व वेळीच दिलेली सूचना यांवर अवलंबून असते. भाटघर व पानशेत यांत पाणी एकाच प्रकारचे होते. फरक होता तो भिंतीचा आणि माणसांच्या निर्णयांचा.

अणुशक्ती

देशातील पहिले अणुविद्युत् केंद्र १९६९ साली तारापूर येथे सुरू झाले. ते आता पालघर जिल्ह्यात मोडते. अणुभट्टीविषयी विद्यार्थ्यांच्या मनात दोन समजुती आढळतात. पहिली अशी की, अणुभट्टी अणुबाँबसारखी फुटते. ही समजूत चुकीची आहे. भट्टीच्या इंधनात विखंडनक्षम युरेनियमचे प्रमाण इतके अल्प असते की त्याचा बाँब होऊच शकत नाही. भट्टी अति तापणे, वाफेचा किंवा हायड्रोजनचा स्फोट होणे व किरणोत्सारी द्रव्य बाहेर पडणे, हा तेथील खरा धोका होय. दुसरी समजूत अशी की, अणुशक्तीने आजवर सर्वांत अधिक माणसे मारली. वर दिलेल्या आकड्यांवरून तीही टिकत नाही.

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिल येथे झालेल्या अपघातात तीसच्या आसपास माणसे लवकरच मृत्यू पावली. अधिक किरणोत्सर्ग झालेल्या लोकांत पुढे कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ४,००० पर्यंत जातील, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांशी संबंधित संस्थांनी केला. या अंदाजाविषयी मतभेद आहेत. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप व त्सुनामी येऊन सुमारे अठरा हजार माणसे मृत किंवा बेपत्ता झाली. त्याच लाटेने फुकुशिमाच्या अणुभट्ट्या निकामी केल्या. किरणोत्सर्गाने झालेला म्हणून जपान सरकारने मान्य केलेला मृत्यू एक आहे. परंतु घाईने केलेल्या स्थलांतराचे हाल, रुग्णालयातून हलविलेले वृद्ध रुग्ण, घरदार सुटल्याचा मानसिक आघात यांमुळे त्या एका प्रांतात दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. या प्रसंगी भयाने आणि अव्यवस्थेने किरणांपेक्षा अधिक बळी घेतले. संकटाच्या वेळी शांतपणे, आखलेल्या योजनेप्रमाणे हालचाल करण्याचे महत्त्व या उदाहरणातून शिकविता येते.

म्हणून अणुशक्ती निर्वेध आहे असे मात्र शिकवू नये. तिचा कचरा हजारो वर्षे सांभाळावा लागतो, आणि अपघात झालाच तर विस्तीर्ण प्रदेश दीर्घकाळ निर्मनुष्य ठेवावा लागतो. मृत्यूंच्या संख्येत हे नुकसान दिसत नाही.

वारा व सूर्यप्रकाश

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे येथील पठारांवर पवनचक्क्या आहेत. घरांच्या व शाळांच्या छपरांवर सौर पट्टिकाही बसू लागल्या आहेत. या दोन्ही साधनांत काही जळत नाही. त्यांचे अपघात मुख्यतः उंचीवर काम करताना पडण्याचे व विजेच्या धक्क्याचे असतात. सौर पट्टिकेवर ऊन पडत असेतोवर तिच्यात वीज निर्माण होतच असते. म्हणून पट्टिका पुसण्यासाठी किंवा पतंग काढण्यासाठी मुलांना छपरावर मुळीच चढू देऊ नये. पत्र्याच्या छपरावरून पडण्याची जोखीम सूर्याच्या विजेपेक्षा कितीतरी मोठी आहे.

तारेतून घरात येणारी वीज

वीज कोणत्याही साधनापासून झालेली असो, तारेत शिरल्यावर तिचा धोका एकच असतो. भारतात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावतात. वादळात तुटून पडलेली तार, ओल्या हाताने लावलेला पंपाचा स्टार्टर, उघडी राहिलेली डीपी, अर्थिंग नसलेले यंत्र, कपडे वाळत घालण्यासाठी बांधलेली लोखंडी तार आणि तारेवर टाकलेला आकडा, ही त्याची नेहमीची कारणे होत. पडलेल्या तारेजवळ कोणी जाऊ नये, धक्का बसलेल्या माणसाला उघड्या हाताने ओढू नये, प्रथम वीजप्रवाह बंद करावा, एवढे तीन नियम प्रत्येक विद्यार्थ्यास तोंडपाठ असले पाहिजेत.

आकडे जे सांगत नाहीत

आकड्यांनी विचार करण्याची सवय लावीत असताना आकड्यांच्या मर्यादाही सांगणे शिक्षकाचे कर्तव्य आहे. वरील कोष्टकातील कोळशाचा आकडा बराचसा युरोपातील अभ्यासावर आधारलेला आहे. दाट वस्तीच्या प्रदेशात तोच धूर अधिक माणसांच्या फुप्फुसांत जातो, म्हणून आपल्याकडे तो आकडा अधिक असण्याचा संभव आहे.

दुसरी मर्यादा अशी की, मृत्यू हेच एकमेव नुकसान नव्हे. पुणे जिल्ह्यातीलच मुळशी खोऱ्यात टाटा कंपनीने मुंबईला वीज देण्यासाठी धरण बांधण्यास घेतले, तेव्हा १९२१ साली मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट हे त्या लढ्यापासूनच सेनापती बापट म्हणून ओळखले जाऊ लागले. धरण झाले, वीज मुंबईस गेली, आणि भाताची खाचरे व गावे पाण्याखाली गेली. त्या शेतकऱ्यांचे नुकसान मृत्यूंच्या कोणत्याही कोष्टकात सापडत नाही. लाभ कोणाला व जोखीम कोणाच्या वाट्याला, हा प्रश्न प्रत्येक ऊर्जासाधनाबाबत विचारला पाहिजे. चुलीच्या बाबतीतही त्याचे उत्तर उघड आहे : जेवतात सारे, धूर खाते ती स्वयंपाक करणारी बाई.

वर्गात घ्यावयाचे उपक्रम

१. पट्ट्यांचा आलेख. एका मृत्यूस एक सेंटिमीटर असे प्रमाण घेऊन कागदाच्या पट्ट्या कापाव्यात. कोळशाची पट्टी २५ सेंटिमीटर होईल, गॅसची ३, जलविद्युतेची १.३. सौर ऊर्जेची पट्टी कापताच येणार नाही, ०.२ मिलिमीटरची ती एक पेन्सिलीची रेघ होईल. विद्यार्थ्यांना दशांश अपूर्णांकांचा अर्थ यातून आपोआप उमगतो.

२. धुराचा कागद. दोन पांढऱ्या कागदांना तेलाचा पातळ हात लावावा. एक स्वयंपाकघरात जाळापासून दूर भिंतीवर, दुसरा ओसरीवर, असे दोन दिवस टांगून मग शेजारी ठेवून पाहावेत. कागद टांगण्याचे काम घरातील मोठ्या माणसाकडूनच करवून घ्यावे.

३. घरातील ऊर्जेची नोंद. स्वयंपाक, अंघोळीचे पाणी, उजेड व शेतीचा पंप यांसाठी कोणते साधन वापरले जाते याची नोंद मुलांनी करावी. नोंदीवर नाव लिहू नये आणि ती वर्गात वाचून दाखवू नये. सर्वांची मिळून एकच बेरीज फळ्यावर मांडावी. कोणाच्या घरी चूल आहे व कोणाच्या घरी गॅस, यावरून मुलांत लहानमोठेपणा उत्पन्न होता कामा नये.

४. वडीलधाऱ्यांच्या आठवणी. १९६१ चा पूर व १९६७ चा भूकंप पाहिलेली वृद्ध माणसे गावात असतील, तर त्यांना शाळेत बोलवावे. त्याच माणसांना त्यांच्या लहानपणच्या स्वयंपाकघराविषयीही विचारावे. पुराची आठवण ते स्वतःहून सांगतील. धुराची मात्र विचारल्यावाचून निघणार नाही. हा फरक मुलांना ध्यानात आणून द्यावा.

उपसंहार

भय ही निसर्गाने दिलेली उपयुक्त भावना आहे. ती माणसाला सावध करते. परंतु कशापासून किती सावध राहावे, हे केवळ भयावरून ठरविता येत नाही. त्यासाठी मोजावे लागते, आणि मोजताना आपण काय गाळले याचीही आठवण ठेवावी लागते. अणुभट्टी किंवा धरण यांविषयीचे निर्णय विद्यार्थी मोठा झाल्यावर नागरिक म्हणून घेईल. चुलीच्या वर झरोका हवा, सरपण पावसाआधी कोरड्या जागी रचून ठेवावे, तान्ह्या भावंडाला धुरापासून दूर घेऊन बसावे, हे मात्र तो आजच घरी सांगू शकतो व करू शकतो.

तरी शिक्षकबंधुभगिनींनी हा पाठ शक्यतो मे महिन्याच्या सुटीपूर्वी घ्यावा. सरपण रचण्याचे दिवस तेच असतात, आणि पाठाचा उपयोग त्याच पावसाळ्यात घरोघरी होऊ शकतो.